मुकादमाने दिलेल्या नंबरांवर फोन सर्व्हे: संमती, रेकॉर्डिंग आणि नवा डेटा कायदा, नक्की काय करायचं?

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. पुण्यात एका छोट्या संस्थेत रिसर्चचं काम करते, संस्थेचं नाव विचारू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या आरोग्यावर फोनवरून सर्व्हे करायचा घाट घातलाय. फिल्डला जायला पैसे नाहीत आणि हंगामात बायका सातारा, सांगली, कोल्हापूरच्या फडांत पांगलेल्या, काही थेट कर्नाटकात, म्हणून फोन. प्रश्नावली वीस-पंचवीस मिनिटांची, त्यात पाळी, बाळंतपणं, पिशवीचं (गर्भाशय काढायचं) ऑपरेशन, उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) किती घेतली, खाडा (कामावर गैरहजेरी) झाला तर किती कापतात, आणि शेवटी नवऱ्याकडून किंवा मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) मारहाण होते का असं सगळं आहे.

आता अडचण. नंबर मिळाले ते दोन-तीन मुकादमांकडून. एका ओळखीच्या कार्यकर्त्याने गाठ घालून दिली आणि त्यांनी सरळ टोळीच्या याद्याच पाठवल्या, बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, नंबर आणि पुढच्या रकान्यात उचलीचा आकडा. ती एक्सेल आता आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलीय, नऊ-दहा जणांच्या फोनमध्ये. सरांचं म्हणणं, सुरुवातीला "तुमची माहिती गोपनीय राहील, बोलायला तयार आहात का" एवढं वाचायचं, ती हो म्हणाली की सुरू. आणि ऑफिसमधले एक जण ठामपणे सांगतात की नव्या डेटा कायद्यात रिसर्चला सूट आहे, काळजी करू नका.

पायलटला, म्हणजे चाचणीला, थोडे फोन लावले. बहुतेक पुरुषांनीच उचलले. एका ताईंनी सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाल्या आणि मग "लाडक्या बहिणीचंच हाय ना हे? माझं केवायसी ऱ्हायलंय बघा" असं म्हणून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, पिशवी कधी काढली, कुठल्या दवाखान्यात, किती खर्च आला, सगळं. मी दोनदा सांगितलं की योजनेशी संबंध नाही. त्या म्हणाल्या, "असू द्या, लिहून घ्या, पण नाव कट करू नका." मग ही संमती झाली का? मला तरी झोप येईना. कुणी असं काम केलं असेल तर सांगा, रेकॉर्डिंगचंही सांगा.

जुना_सुपरवायझर

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ती मुकादमाची यादी. माझं सगळं आयुष्य सर्व्हेच्या फिल्डवर गेलं म्हणून सांगतो, नंबर कुणाच्या हातून आला हे उत्तर देणाऱ्याला बरोबर कळतं. आणि ऊसतोडीत तर मुकादम म्हणजे कोण हे काय सांगायचं, उचल त्याच्याकडून, खाडा तो कापणार, पुढच्या हंगामाला कोयता (तोडणारी नवरा-बायकोची जोडी) घ्यायचा की नाही तो ठरवणार. त्याच्या यादीवरनं फोन आला की बाईला वाटणार मुकादमानेच लावलाय. मग ती "हो बोलते" म्हणाली तर ती तुम्हाला म्हणाली की मुकादमाला? आणि तुम्ही तिलाच विचारणार की मुकादम मारतो का. अवो काय उत्तर मिळणार मग.

उलट बाजूनेही बघा. पंधरा दिवसांनी मुकादम तुमच्या कार्यकर्त्याला चहाला बोलावून विचारणारच, काय म्हणल्या आमच्या बायका. कार्यकर्ता भला माणूस असेल, पण त्याला त्याच गावात राहायचंय. त्याच्या यादीतल्या कोणकोण बोलल्या, एवढं जरी मुकादमाला कळलं तरी पुरे, उत्तरं कळायची गरजच नाही.

यादी टाकून द्या असं म्हणत नाही. पण मग त्या नंबरांवर पगार, खाडा, मारहाण हे विषय काढू नका, आणि ती फाइल ग्रुपवरून आजच्या आज उडवा, "डिलीट फॉर एव्हरीवन" होत नसेल तर प्रत्येकाच्या फोनमधून. त्यातला उचलीचा रकाना तुम्हाला मुळात घ्यायचाच नव्हता. कुणाचं किती कर्ज आहे हे तिने तुम्हाला सांगितलेलं नाही, सावकाराने सांगितलंय.

दुसरे रस्ते आहेत. पावसाळ्यात माणसं गावी असतात, तेव्हा आशाताईमार्फत किंवा बचतगटाच्या बैठकीत एकदा समोरासमोर जाऊन सांगायचं की दिवाळीनंतर आम्ही फोन करू, कुणाला चालेल, कुठल्या नंबरावर, किती वाजता. आशाताईचंही थोडं तसंच आहे, तिला नाही म्हणायला बायकांना जड जातं, पण ती निदान उचल देत नाही.

कलमबहाद्दर

कायद्याचं मी सांगतो, पण वकिलाचा सल्ला म्हणून घेऊ नका, माझं काम कॉम्प्लायन्सचं आहे, कोर्टाचं नाही.

"रिसर्चला सूट आहे" हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा ऑफिसात जास्त धावतं. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर १८ महिन्यांनी म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतात. कलम १७ मध्ये संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी कामाला सूट दिलीय, पण दोन अटींवर. एक, त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. दोन, नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीतले निकष पाळायचे, म्हणजे गरजेपुरतीच माहिती घ्या, गरजेपुरताच काळ ठेवा, सुरक्षित ठेवा, जबाबदार कोण ते ठरलेलं असू द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरची एक्सेल यातल्या एकातही बसत नाही.

पहिली अट तर बऱ्याच संस्थांना गोत्यात आणणारी आहे. मला सांगा, सर्व्हेतून ज्या बायकांना त्रास असल्याचं कळेल त्यांना तुमची संस्था नंतर शिबिराला बोलावणार आहे का? किट देणार आहे का? याच यादीतून लाभार्थी निवडणार आहे का? तसं असेल तर तुम्ही व्यक्तीबद्दल निर्णय घेताय, मग सूट गेली, आणि पूर्ण कायदा लागू, नोटीस द्या, संमती मोकळेपणी दिलेली, नेमक्या कामासाठीची, बिनअटीची पाहिजे, आणि काढून घेणं देण्याइतकंच सोपं पाहिजे. नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागता येते, मराठी त्यात आहेच. सुरक्षेत ढिलाई होऊन माहिती फुटली तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटी. तुमच्या संस्थेला कुणी एवढा लावणार नाही, पण डोनरचा वकील तो आकडा वाचून दचकतो, त्याचा उपयोग करून घ्या.

आणि २०२७ पर्यंत मोकळं रान आहे असंही समजू नका. आयटी कायद्याचं कलम ४३अ आणि २०११ चे नियम आहेत, त्यात आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढलेली आहे. गंमत म्हणजे नव्या कायद्यात संवेदनशील असा वेगळा वर्गच नाही, तुमचा पिनकोड आणि तुमची पिशवी काढल्याची नोंद कायद्याला सारखीच. पुट्टस्वामी निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा, नऊ न्यायाधीशांचा, खासगीपणा मूलभूत हक्क ठरवणारा, तो तर डोक्यावर आहेच.

पण खरं सांगू का, तुमच्या कामात कायद्याआधी एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती, येते. आरोग्याचा विषय आहे म्हणजे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू. स्थलांतरित, गरीब, दुसऱ्यावर अवलंबून असलेले लोक असुरक्षित गटात धरलेत, त्यामुळे "हा साधा सर्व्हे आहे, सूट द्या" असं म्हणून चालणार नाही, पूर्ण कमिटीसमोर जा. तोंडी संमती चालते, फोनवर सही कुठून आणणार, पण तोंडी का आणि नोंद कशी ठेवणार हे कमिटीने मान्य केलेलं लागतं. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी झालेली आहे ना तेवढं बघा.

हॅलो_कोण_बोलतंय

मी वर्षानुवर्षं फोनवर सर्व्हे घेते, आता टीम बघते. वरती सगळे यादीबद्दल आणि कायद्याबद्दल बोलले, फोन लावणाऱ्या पोरीबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहिते.

ती पोरगी स्वतःच्या सिमवरून फोन लावते. एका फोन कंपनीच्या सर्व्हेला आमच्या ऑफिसात तसंच होतं, तिथलं नाव घेत नाही. नंबर सेव्ह केला की समोरच्याच्या व्हॉट्सॲपवर हिचा डीपी, स्टेटस, सगळं. रात्री साडेनऊला त्या बाईचा नवरा किंवा दीर उलटा फोन करतो, "कोण बोलतंय, सकाळी आमच्या बाईला काय विचारत होतीस". कधी शिव्या, कधी गोड बोलणं, दोन्ही वाईट. आणि पोरगीला पैसे पूर्ण झालेल्या मुलाखतीमागे मिळतात, मग ती काय करणार, बाई "नंतर करा" म्हणाली की ही परत करते, "यांना विचारून सांगते" म्हणाली की परत करते, कारण अर्धवट मुलाखतीचे पैसे नाहीत. तुम्ही कितीही छान संमतीपत्र लिहा, पैसे पूर्ण फॉर्मवर देत असाल तर ती पोरगी हो काढूनच घेणार. दिवसाचा पगार द्या. आणि वेगळं सिम, वेगळा फोन, किंवा क्लाउड टेलिफोनी घ्या म्हणजे दोन्हीकडे खरा नंबर दिसत नाही आणि पोरींच्या फोनमध्ये यादीच राहत नाही.

आता मारहाणीच्या प्रश्नांचं. डब्ल्यूएचओची २००१ सालची सूचना आहे की घरातल्या बाकीच्यांना सर्व्हेत हिंसेचे प्रश्न आहेत हे कळता कामा नये, आणि मध्येच कुणी आलं तर विषय बदलायला दुसरी खोटी प्रश्नावली हाताशी ठेवायची. समोरासमोर असताना माणूस आत येताना दिसतो. फोनवर दिसत नाही. स्पीकर चालू आहे की नाही हे आवाजावरून अंदाजानेच. म्हणूनच कोविडमध्ये २०२० ला डब्ल्यूएचओ आणि यूएन विमेन यांनी सांगितलेलं की आकड्यांपेक्षा बाईची सुरक्षा आधी, घरात अडकलेल्या बाईला फोनवर हिंसेबद्दल विचारायची घाई करू नका. फडावर तर कोपीत (झोपडीत) भिंत म्हणजे पाचट आणि ताडपत्री, शेजारच्या कोपीतलं खोकलणं ऐकू येतं.

आम्ही करायचो ते सांगते. आधी साधे प्रश्न, मग "ताई आता जरा खासगी विचारणार आहे, एकट्या आहात का, फोन स्पीकरवर आहे का, आत्ता बोलायला बरं वाटतंय का नंतर करू". पुढचे प्रश्न असे बांधायचे की उत्तर फक्त हो, नाही, एक, दोन, तीन एवढंच यावं, शेजारी बसलेल्याला काही कळू नये. "गेल्या वर्षात पाळीच्या दिवसांत कामावर जावं लागलं का, एक म्हणजे नेहमी, दोन म्हणजे कधीकधी." आणि बाईला आधीच सांगून ठेवायचं, कुणी आलं की "रेशनचं विचारतायत" म्हणा, आम्ही लगेच रेशनचे प्रश्न सुरू करू. पोरींना याचा सराव द्या, एकमेकींना फोन लावून, एकीने सासू व्हायचं मध्येच.

आणि मारहाण ऐकून फोन ठेवायचा नाही नुसता. १८१ आणि ११२ सांगायचे, पण लिहून घ्या म्हणायचं नाही, पाठ करून घ्यायचे, नवऱ्याने फोन बघितला तर? मेसेज तर अजिबात पाठवायचा नाही.

वेळेचंही बघा. पहाटे तीन-चारला उठून फडात, पुरुष तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते, संध्याकाळी स्वयंपाक. तुमची पंचवीस मिनिटं ती कुठून काढणार? मोळ्या बांधायच्या थांबली तर बोलणी तिलाच. दहा-बारा मिनिटांत बसवा.

आकडेमोड

सगळ्यांचं पटतंय पण एक उलटा प्रश्न विचारतो, राग मानू नका. एवढ्या अटी घातल्या तर सर्व्हेच होणार नाही. मुकादमाची यादी नको, हिंसेचे प्रश्न नकोत, कमिटीची पूर्ण बैठक हवी, वेगळं सिम हवं. मग काय होतं माहितीये? छोट्या संस्था गप्प बसतात आणि आकडे फक्त सरकारचे उरतात. २०१९ मध्ये बीडच्या पिशवी काढण्याच्या प्रकरणावर नीलम गोऱ्हेंची समिती नेमली गेली ती कशामुळे? बायका बोलल्या, कार्यकर्त्यांनी, पत्रकारांनी लिहिलं म्हणून. तेव्हा प्रत्येकाने एथिक्स कमिटीची वाट बघितली असती तर विधिमंडळात विषय निघाला असता का?

आणि नैतिकतेचा दुसरा भाग कुणी बोलत नाही, ज्या बायकांकडे फोनच नाही त्यांचं काय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ५ (२०१९-२१) मध्ये देशात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या बायका फोन सर्व्हेतून आधीच बाद, आणि ऊसतोडीतल्या सर्वात गरीब बायका त्यातच असणार. मग निष्कर्षात लिहिणार "ऊसतोड महिलांपैकी इतक्या टक्के", हे पण अनैतिकच की. हे कुठल्या संमतीपत्रात येत नाही.

रँडम नंबर डायल करा असं कुणी सुचवायच्या आत सांगतो, इथे ते चालणार नाही. महाराष्ट्राच्या टेलिकॉम सर्कलमध्ये गोवासुद्धा येतो आणि मुंबई वेगळं सर्कल, वरून २०१५ पासून देशभर नंबर पोर्ट होतो, त्यामुळे सिरीजवरून बीडच्या वडवणीतली बाई सापडायची म्हणजे गवताच्या गंजीत सुई. शिवाय आता एअरटेलने २०२४ पासून "संशयित स्पॅम" दाखवायला सुरुवात केलीय, ट्रूकॉलरवर नंबर लाल झाला की कुणी उचलत नाही. डिजिटल अरेस्टच्या फसवणुकीनंतर तर सरकारनेच कॉलर ट्यूनवर बजावलं की अनोळखी फोनवर माहिती देऊ नका. आणि आपण अनोळखी नंबरावरून फोन करून पाळीबद्दल विचारणार!

हॅलो_कोण_बोलतंय

@आकडेमोड, पत्रकाराने लिहिलं तेव्हा बाईला माहीत होतं की पेपरात येणार, ती तशी बोलली किंवा बोलली नाही. इथे तिला वाटतंय लाडकी बहीणचं केवायसी आहे. फरक आहे दादा.

आणि अनोळखी नंबराचा उपाय सोपा आहे, वर सुपरवायझर सरांनी सांगितला तोच, आधी समोर जाऊन सांगा. जमत नसेल तर आदल्या दिवशी फक्त एवढा मेसेज की अमुक संस्थेतून उद्या फोन येईल, विषय "कामगारांचं आरोग्य", ओटीपी, आधार, बँक काहीही विचारणार नाही, खात्री करायला ऑफिसचा हा लँडलाइन. विषय यापेक्षा जास्त उघडा करायचा नाही, मेसेज नवराच वाचतो.

कलमबहाद्दर

ट्रायचं (टेलिकॉम नियामकाचं) राहिलं. डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) आणि १४० सिरीजचे (जाहिरातीच्या कॉलच्या नंबरांचे) २०१८ चे नियम हे व्यापारी कॉलसाठी आहेत, काही विकण्याची किंवा जाहिरातीची भानगड नसेल तर निव्वळ अभ्यासाचा फोन सहसा त्या व्याख्येत येत नाही. पण "सर्व्हे" म्हणून सुरू करून शेवटी विमा विकणारे इतके झालेत की लोकांनी तक्रार केली तर त्यांना दोष कसा देणार. कुणी "परत फोन करू नका" म्हणालं की तो नंबर कायमचा बाद, ऑफिसात तशी एक यादी ठेवा आणि ती पाळा.

ढेकूळ

तुम्ही कुणीच एक गोष्ट बोलला नाहीत आणि मला वाटतं ती सर्वात अवघड आहे. समजा फोनवर मुलगी म्हणाली वय सतरा, लग्न होऊन वर्ष झालं, पोटात बाळ आहे. ऊसतोडीत हे काय नवीन नाही, आईबाप फडात जाताना पोरीला कुणाकडे ठेवायचं म्हणून लग्न उरकतात. आता तुम्ही तिला सांगितलंय "सगळं गोपनीय राहील". आणि पॉक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे अठराखालच्या मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की कुणीही असो, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक, न कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लग्न झालंय म्हणून सुटका नाही, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितलं की बायको अठराच्या आत असेल तर तो बलात्कारच, आणि नव्या न्याय संहितेतही तेच आहे.

मग फोन लावणारी पोरगी काय करणार? कळवलं तर त्या मुलीचा नवरा आत जाणार, गावात तुमची संस्था संपली, आणि पुढची सतरा वर्षांची मुलगी दवाखान्यातही वय खोटं सांगणार. नाही कळवलं तर तुम्ही कायदा मोडला. मी एका तालुक्याच्या ठिकाणी आरोग्याच्या कामात होतो, डॉक्टरांची हीच कुचंबणा रोज बघायचो.

माझं म्हणणं, हा पेच फोन लागण्याआधीच टाळा. पहिला प्रश्न वयाचा, अठरा पूर्ण नसतील तर आभार मानून फोन ठेवा, पुढचं काही विचारू नका. लग्नाचं वय विचारायचं तर फक्त आज अठरा पूर्ण असलेल्यांना, आणि तेही "अठराच्या आधी की नंतर" एवढंच विचारायचं की नाही ते कमिटीकडून आणि वकिलाकडून लेखी ठरवून घ्या, कारण भूतकाळातल्या गोष्टीबद्दल मतं वेगळी आहेत. आणि संमतीत खरं सांगा, "काही गोष्टी कायद्याने आम्हाला कळवाव्या लागतात". सगळं गोपनीय राहील हे वाक्य काढून टाका, ते पाळता येणार नाहीये तुम्हाला.

कोरडवाहू

बाप रे. पॉक्सोचं खरंच डोक्यात नव्हतं, आमच्या प्रश्नावलीत तिसरा प्रश्न "लग्नाच्या वेळी वय" आणि सातवा "आत्ताचं वय" असा आहे, म्हणजे सगळं सांगून झाल्यावर कळणार की ती सतरा वर्षांची आहे. उलटं करते.

मुकादमाची एक्सेल ग्रुपवरून काढायला लावली, सर थोडे कुरकुरले, "मग नंबर कुठून आणणार" वगैरे. पावसाळ्यात गावात जाऊन संमती घ्यायची आणि हंगामात फक्त फोन, असा नवा प्लॅन मांडलाय, म्हणजे एक वर्ष पुढे जाईल सगळं. मारहाणीचा भाग फोनवरून काढलाच. आणि हो, नंतरच्या शिबिराला याच यादीतून बायका बोलवायचं ठरलं होतं! ते आता वेगळं, शिबिराची जाहीर दवंडी, सर्व्हेशी संबंध नाही.

दोन प्रश्न उरले. रेकॉर्डिंग करायचं का, क्वालिटी चेकसाठी सर मागतायत. आणि रिचार्ज द्यायचा विचार आहे वेळेच्या बदल्यात, तो चालेल ना?

जुना_सुपरवायझर

रेकॉर्डिंग सगळ्यांचं नको. अँड्रॉइडच्या गूगल डायलरमध्ये रेकॉर्ड सुरू केलं की दोन्हीकडे बाईचा आवाज येतो की कॉल रेकॉर्ड होतोय, तो ऐकला की अर्ध्या बायका फोन ठेवतात आणि उरलेल्या घाबरून गोड उत्तरं देतात. लपवून करणारे ॲप शोधू नका, ते फसवणूक आहे. विचारूनच करायचं असेल तर मुलाखतीची संमती वेगळी, रेकॉर्डिंगची वेगळी, रेकॉर्डिंगला नाही म्हणाली तरी मुलाखत चालू. आवाजावरून गावात माणूस ओळखतात, त्यामुळे तपासून झालं की फाइल उडवायची, तारीख आधीच लिहून ठेवायची. खरं तर रेकॉर्डिंगपेक्षा सुपरवायझरने मध्येच लाइनवर यावं आणि थोड्या बायकांना परत फोन करून दोन साधे प्रश्न विचारावेत, तेही पहिल्याच फोनला सांगून ठेवलेलं असलं पाहिजे की आमच्यातली दुसरी बाई फोन करेल.

नंबरांची फाइल आणि उत्तरांची फाइल वेगळी, मध्ये फक्त कोड, आणि दोन्ही एकाच लॅपटॉपवर नकोत. ओडीके किंवा सर्व्हेसीटीओ असं सर्व्हेचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर फॉर्म एन्क्रिप्ट करता येतो, चावी सरांकडेच नको. आणि रिपोर्टमध्ये गावाचं नाव टाकू नका हो, धारूर तालुक्यातल्या चाळीस उंबऱ्यांच्या तांड्यावर सव्वीसाव्या वर्षी पिशवी काढलेली बाई एकच असते, नाव नसलं तरी सगळ्यांना कळतं. तालुक्यावर थांबा, वय पाच-पाच वर्षांच्या गटात.

हॅलो_कोण_बोलतंय

रिचार्ज द्या, पण कुठल्या नंबरवर ते तिला विचारा. फोन नवऱ्याचा असेल तर त्याला मेसेज जाणार की एवढ्याचा रिचार्ज झाला, तो विचारणार कुणी केला, कशाबद्दल, काय बोललीस. काही बायका म्हणतात माहेरी भावाच्या नंबरवर टाका, काही म्हणतात नकोच. रिचार्ज एखाद्या एजन्सीकडून मारून घेत असाल तर त्यांच्याकडेही सगळे नंबर जातात, तेव्हा त्यांना द्यायची यादी फक्त नंबरांची, सर्व्हेचं नाव न लिहिता. आणि बाईने मध्येच फोन ठेवला तरी रिचार्ज द्यायचा, नाहीतर पैशासाठी नको असलेल्या प्रश्नांनाही उत्तर देत बसते.

आकडेमोड

ठीक आहे, हिंसेचा भाग काढला ते पटलं मला. पण फोन नसलेल्या बायकांचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. पावसाळ्यात गावात जाणारच आहात तर तिथे फोन नसलेल्यांची समोरासमोर छोटी मुलाखत घ्या, तेच प्रश्न, मग दोन्ही गट शेजारी ठेवून बघता येईल किती फरक पडतो. पैसे लागतील, पण डोनरला तो २५० कोटींचा आकडा दाखवा आधी.

कोरडवाहू

हा हा, दाखवते. समोरासमोरचा भाग बजेटमध्ये टाकतेय. संमतीचा मसुदा झाला की इथे चिकटवते, ढेकूळ, तुम्ही वयाचा प्रश्न आणि "कळवावं लागतं" ते वाक्य बघून द्याल का? माझ्या हातून ते फारच पोलिसी होतंय.

ढेकूळ

टाका. फोनवर वाचायला जेवढं लागेल तेवढंच टाका, कमिटीचं दोन पानी नको. आणि आधी एखाद्या बचतगटातल्या ताईंना वाचून दाखवा, त्या जिथे "म्हंजी?" म्हणतील तिथे खूण करा.